लिहिले नाही, ते केले नाही

आमच्या सोलापुरात एके काळी घड्याळाची गरज फारशी नव्हती. गिरण्यांचे भोंगे होत आणि त्या भोंग्यांवर घरातल्या चुली पेटत, मुले शाळेला निघत, म्हातारी माणसे औषधाची पुडी घेत. गिरण्या गेल्या, भोंगे थांबले. मग वेळ सांगण्याचे काम नळाने अंगावर घेतले. रोज पाणी न येणे हे आमच्या गावाचे जुने दुखणे. ज्या आठवड्याविषयी मी आज लिहिणार आहे, तो २०२४ सालच्या फेब्रुवारीतला. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत पाणी बुधवारी पहाटे चारला आले आणि नंतर एकदम रविवारी पहाटे साडेचारला. दोन्ही वेळा गल्लीत पहिला दिवा लागला तो आमच्या समोरच्या घरात.

समोरच्या घरातली सून एका परिचर्या महाविद्यालयात शिकवते. साध्या भाषेत सांगायचे तर नर्स घडवते. सरकारी कागदात या पदाला ‘पाठ्यनिर्देशिका’ असे भारदस्त नाव आहे, विद्यार्थी ‘मॅडम’ म्हणतात आणि गल्ली ‘त्या नर्सबाई’ म्हणते. वयाने ती माझ्या मुलीएवढी, त्यामुळे मी तिला ‘अगं’ म्हणतो आणि ती मला काका.

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे गल्लीतले लोक दोन कामांसाठी येतात. एक फॉर्म भरून घ्यायला आणि दुसरे व्याज काढून घ्यायला. त्या महिन्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी ती आली ती तिसऱ्याच कामासाठी. चहा नको म्हणाली. पदराने घाम पुसत खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, “काका, मी नोकरी सोडली तर घर चालेल का, एवढा हिशेब करून द्याल? सोडायची तर मार्चअखेर कळवावं लागेल.”

घराच्या कर्जाचा हप्ता, नवऱ्याचा पगार (तो एका चादर-टॉवेलच्या कारखान्यात हिशेब सांभाळतो), मुलाची दहावी, मुलीची शाळा, सासूबाईंची मधुमेहाची औषधे, असे सारे आकडे तिने पाठकोऱ्या कागदावर लिहून आणले होते. हे गणित सोपे होते. पण खात्याची एकच बाजू पाहून सही करायची नाही, ही माझी पस्तीस वर्षांची सवय. मी म्हणालो, “पैशाचं मी बघतो. तू एक काम कर. एक आठवडा, सोमवार ते रविवार, कुठल्या कामाला किती वेळ गेला ते लिहून काढ.”

ती हसली. “विद्यार्थ्यांना मी रोज सांगते, जे लिहिलं नाही ते केलं नाही. आता ते माझ्यावरच आलं म्हणायचं.”

परिचारिकेच्या व्यवसायात हे वाक्य मंत्रासारखे घोकून घेतात. रुग्णाला औषध दिले पण कागदावर नोंद केली नाही, तर ते दिलेच नाही असे समजले जाते. कारण पुढच्या पाळीची परिचारिका ती नोंद बघूनच पुढचे पाऊल टाकते. त्या आठवड्याचा कागद तिच्या परवानगीने, नाव न घालण्याच्या अटीवर, मी आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

सोमवार. पहाटे पाचला उठून चौघांचा डबा, सासूबाईंची न्याहारी आणि इन्सुलिनचे इंजेक्शन. साडेसहाला स्कूटी काढून सातला एका मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात. तिच्याबरोबर पहिल्या वर्षाचे अठरा विद्यार्थी, त्यांत चार मुलगे. भारतीय परिचर्या परिषदेने दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण घालून दिले आहे, पण त्या दिवशी दुसऱ्या मॅडम परीक्षेच्या कामाला गेलेल्या. वॉर्डातही दोन परिचारिका रजेवर. वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर तिला बघून म्हणाल्या, “बरं झालं आलात. तुमच्या सहा पोरींना ताप-बीपी घ्यायला लावा, सहा जणींना बेड करायला, बाकीच्यांना वर लॅबला पाठवा.”

वाचकांना वाटेल, यात वावगे काय? पोरी शिकायलाच तर आल्या आहेत. ती मला म्हणाली, “काका, एका मुलीनं सकाळभर चाळीस जणांचं बीपी घेतलं, तर तिचा हात तयार होतो. डोळा तयार होत नाही. तिला चाळीस आकडे माहीत असतात आणि माणूस एकही माहीत नसतो.” शिकवण्याची रीत अशी की, एका विद्यार्थिनीकडे एक किंवा दोन रुग्ण द्यायचे. त्यांची आंघोळ, खाणे, औषध, लघवीचे माप, रात्रीची झोप, मनातली भीती, सगळे तिने बघायचे आणि लिहायचे. पण माणसे कमी असलेल्या वॉर्डात विद्यार्थी म्हणजे फुकटचे हात. ते हात कामाला जुंपायचे की त्यांना शिकू द्यायचे, या ओढाताणीत रोज मध्ये उभी राहते ती त्यांची शिक्षिका. त्या दिवशी तिने तडजोड केली. साडेआठपर्यंत वॉर्डाचे काम, मग पाऊण तास एका खाटेभोवती सगळ्यांना उभे करून शिकवणे. “या आजींच्या पायाला सूज आहे. बोटानं हलकं दाबा. खड्डा पडला? तो किती वेळ राहतो ते बघा. आणि आधी आजींना विचारा, दाबू का म्हणून.” हे शेवटचे वाक्य कुठल्याही पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेले नसते.

मंगळवार. प्रात्यक्षिकाची खोली. तिथे रबरी पुतळ्यावर नळी घालणे, चादर न सुरकुतता पलंग करणे हे शिकवायचे. साबणाने हात धुवायचे ते चाळीस ते साठ सेकंद, बोटांच्या बेचक्यांसकट. औषध देण्याआधी पाच गोष्टी बरोबर आहेत का ते पाहायचे. माणूस बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर, वेळ बरोबर, देण्याचा मार्ग बरोबर. पण पुतळा ओरडत नाही, लाजत नाही. म्हणून ती एक वेगळा धडा घेते. एकीला पलंगावर आडवे निजवते, हात हलवायचे नाहीत असे बजावते आणि दुसरीला तिला चमच्याने वरणभात भरवायला लावते. भरवणारी घाई करते, घास गालाला लागतो, सगळ्या हसतात. मग निजलेली उठून सांगते, “मला मध्येच पाणी हवं होतं, पण तोंडात घास होता.” त्यानंतर कोणी हसत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर मुलाचे गणित आणि विज्ञान, कारण दहावीच्या परीक्षेला तीन आठवडे उरलेले. रात्री दहा ते अकरा, दुसऱ्या दिवशीच्या व्याख्यानाची टिपणे.

बुधवार. पाण्याचा दिवस. चारला उठून पिंप, घागरी, बादल्या, वरची टाकी. नंतर डबा, इन्सुलिन, स्कूटी. त्या दिवशीचे व्याख्यान होते अंथरुणाला खिळलेल्या माणसाला होणाऱ्या जखमांवर. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती नको, कातडी कोरडी ठेवायची. हाडाच्या जागी कातडी लाल दिसली तर पूर्वी स्पिरिट लावून चोळत असत. ते करायचे नाही, चोळण्याने आतली कातडी आणखी दुखावते.

त्याच दिवशी वॉर्डात भाषेचाही धडा झाला. सोलापूरच्या रुग्णालयात विडीकामगार बाई तेलुगूत कण्हते, अक्कलकोटकडचा म्हातारा कानडीत. करमाळ्याहून, बार्शीहून आलेल्या पोरी गोंधळतात. ती त्यांना औषधांच्या नावांआधी दोन वाक्ये पाठ करायला लावते. ‘एक्कड नोप्पी?’ आणि ‘एल्ली नोवु?’ दोन्हींचा अर्थ एकच, कुठे दुखतंय. कानडी घरातून आलेली एक मुलगी मराठी कच्चे म्हणून वर्गात गप्प बसे. त्या दिवशी तिलाच सगळ्यांना शिकवायला उभे केले. कागदावर मॅडमने एवढेच लिहिले आहे, ‘आज पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला.’

गुरुवार. वस्तीभेट. घरोघरी जाताना खांद्यावर परिचारिकेची पिशवी असते. ती जमिनीवर तशीच ठेवायची नाही. आधी वर्तमानपत्र अंथरायचे, त्यावर पिशवी, मग हात धुवायचे, मग पिशवी उघडायची. ज्या पानावर तुम्ही आत्ता नजर फिरवत आहात, तेही कदाचित कुठल्याशा वस्तीत असे अंथरले जाईल आणि माझ्या लिखाणाचा त्याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. एका घरात विड्या वळता वळताच एक बाई उत्तरे देत होती. मान वर करायला तिला सवड नव्हती, कारण हजाराच्या हिशेबाने मजुरी. विद्यार्थिनी तिला पालेभाजी आणि लोहाच्या गोळ्यांचे महत्त्व सांगू लागली. मॅडमने तिला थांबवले. “आधी विचार, जेवल्या का.” बाई जेवली नव्हती. त्याच दुपारी मुलाच्या शाळेत पालकसभा होती. ती मॅडमच्या ध्यानातून पार गेली.

शुक्रवार. तास संपल्यावर एका विद्यार्थिनीचे वडील आले. स्थळ आले आहे, शिक्षण थांबवतो म्हणाले. मॅडम त्यांच्यासमोर सव्वा तास बसली. शेवटी वडील म्हणाले, “परीक्षेपर्यंत थांबतो.” वेळापत्रकात या सव्वा तासासाठी रकाना नाही. महाविद्यालयाच्या लेखी त्या दिवशी ती तीनला मोकळी झाली.

शनिवार. नावाला अर्धा दिवस. वर्गाच्या चाळीस विद्यार्थ्यांच्या कामाच्या वह्या तपासायच्या, कोणी किती इंजेक्शने दिली, किती प्रसूती पाहिल्या, प्रत्येक नोंदीसमोर सही. सगळ्या झाल्या नाहीत. बारा वह्या पिशवीत घालून घरी आणल्या.

रविवार. साडेचारला पाणी. नणंदेच्या मुलीला बघायला पाहुणे येणार, आणि नणंदेचे घर लहान, म्हणून कार्यक्रम इथेच. सकाळी पोहे, दुपारी जेवण. शेंगाची पोळी कुणी करायची हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. मध्येच एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नव्याने नोकरीला लागलेली, रात्रीच्या पाळीत एक म्हातारा तिच्या हातात गेला आणि ती रडत होती. मॅडम स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसून वीस मिनिटे तिच्याशी बोलली. आत पोळी करपली. सासूबाई रागावल्या. पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणाले, “सुट्टीच्या दिवशीपण ड्यूटी का?” सगळे हसले. रात्री ओट्यावर वह्या ठेवून उभ्याने सह्या.

सोमवारी संध्याकाळी हा कागद माझ्या हातात आला आणि मी बेरीज घातली. महाविद्यालयाचे पगारी तास पंचेचाळीस. महाविद्यालयाचेच, पण वेळापत्रकाबाहेर, घरी किंवा फोनवर किंवा तीननंतर केलेले काम साडेआठ तास. स्वयंपाक, पाणी, धुणे, झाडलोट, पाहुणे चौतीस तास. सासूबाईंचे औषधपाणी आणि मुलांचा अभ्यास साडेनऊ तास. एकूण सत्त्याण्णव. त्यांतल्या पंचेचाळीस तासांची हजेरीपटावर नोंद आहे. उरलेल्या बावन्न तासांची नोंद कुठेही नाही. ‘स्वतःसाठी’ असा एक रकाना मीच आखून दिला होता. तो कोरा होता.

बँकेत असताना दिवसाअखेर एका रुपयाचा फरक आला तरी आम्ही घरी जात नसू. सगळी व्हाउचरे पुन्हा काढायची, आकडे पुन्हा वाचायचे. रात्रीचे अकरा वाजले तरी तो रुपया सापडल्याशिवाय कुलूप लावायचे नाही. मार्चअखेरच्या क्लोजिंगला तर मी मध्यरात्री घरी येई आणि ताट वाढलेले असे. तो समोरचा कागद पाहताना माझ्या लक्षात आले, ते गरम ताट वाढायला कोणीतरी मध्यरात्रीपर्यंत जागी असे, आणि सकाळी सहाला माझा डबाही तयार असे. आठवड्याला निदान चाळीस-पन्नास तासांचा फरक माझ्याच घरात पस्तीस वर्षे होता. एका रुपयासाठी व्हाउचरे उलटणाऱ्या या अधिकाऱ्याला तो दिसला नाही.

हे माझ्या एकट्याच्या घरचे नाही, याची साक्ष सरकारी आकडेवारीतही आहे. २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेचे सर्वेक्षण झाले. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात जातात आणि असे काम करणाऱ्या पुरुषाची ९७, असे त्यात आढळले. पाच तास विरुद्ध दीड तास. शिवाय ती ९७ मिनिटेही जे पुरुष असे काम करतात त्यांचीच. अजिबात न करणारे त्या सरासरीत नाहीतच.

कोणी म्हणेल, नोकरी करणाऱ्या साऱ्याच बायकांची ही कहाणी आहे, मग परिचर्या शिकवणाऱ्या बाईचे वेगळे काय? वेगळे आहे, आणि ते मला पुस्तकातून नव्हे, स्वतःच्या घरातून कळले आहे. फार वर्षांपूर्वी माझे वडील अर्धांगवायूने तीन महिने अंथरुणाला खिळले. आम्ही भावंडे जिवापाड सेवा करत होतो, स्पिरिटने पाठ चोळत होतो. कूस बदलायची असते हे आम्हांला कुणी सांगितले नाही. वडील गेले ते पक्षाघाताने की पाठीच्या जखमांनी, हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्यानंतर कितीतरी वर्षांनी पत्नीचे खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयात एक शिकाऊ मुलगी दर दोन तासांनी येई, “आजी, आता खिडकीकडं तोंड करू या,” म्हणे, पाठीमागे उशी सरकवी आणि घड्याळात बघून कागदावर वेळ लिही. तीन आठवड्यांत कातडी कुठे लालही झाली नाही. हे कोणी शिकवले म्हणून मी तिला विचारले. तिने जिचे नाव घेतले, ती माझ्या समोरच्या घरात राहत होती आणि मी तिला तोवर ‘त्या नर्सबाई’ म्हणून ओळखत होतो.

एक शिक्षिका वर्षाला चाळीस विद्यार्थी घडवते. ते चाळीस जण पुढे तीस-तीस वर्षे किती खाटांपाशी उभे राहतील याचे चक्रवाढ गणित माझ्यासारख्यालाही झेपणारे नाही. ती थकली, तर तो थकवाही असाच चक्रवाढीने पसरतो.

अशा बाईला विसरण्याची रीत मात्र जुनी आहे आणि ती केवळ आपलीच नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १२ मे हा तिचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून साजरा होतो. तिच्या नावाची परिचारिकांची शाळा १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झाली. पण त्या शाळेत नाइटिंगेल स्वतः रोज शिकवत नव्हती. वर्षानुवर्षे मुलींना घडवण्याचा भार वाहिला तो तिथल्या मेट्रन सारा वॉर्ड्रोपर यांनी. त्या विधवा होत्या, चार मुलांची आई होत्या. हातात दिवा घेतलेली बाई जगाच्या लक्षात राहिली. त्या दिव्यात रोज तेल घालणारीचे नाव मीही आयुष्याच्या उतरणीला लागल्यावरच वाचले.

आपल्याकडे रमाबाई रानड्यांनी पुण्याच्या सेवासदनातून विधवांना नि परित्यक्तांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला पाठवले, तेव्हा भल्या घरच्या बाईने परक्या पुरुषांची शुश्रूषा करायची म्हणजे काय, म्हणून लोकांनी नाके मुरडली होती. आज नाके मुरडत नाहीत. आज आपण हार घालतो, टाळ्या वाजवतो. २०२० साली तर देशभर थाळ्याही वाजवल्या. पण हार घालणे हा हिशेब चुकता करण्याचा स्वस्त मार्ग आहे.

आणि सोलापूरकराने तर हे विसरताच कामा नये. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आमच्या गावचे. १९१० साली इथे जन्मले, १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, गेले. शांतारामबापूंनी त्यांच्यावर काढलेला चित्रपट १९४६ सालचा. त्यातल्या चिनी पत्नीचे काम जयश्रीबाईंनी केले होते. पण ती पत्नी, क्वो छिंगलान, त्या धामधुमीत काय काम करत होती, हे किती सोलापूरकरांना ठाऊक आहे? ती परिचर्या शिकवणारी शिक्षिका होती. डॉक्टर बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या वैद्यकीय शाळेत, युद्धाच्या धुमश्चक्रीत, ती खेड्यापाड्यांतल्या पोरांना जखम कशी बांधायची हे शिकवत होती. १९४१ साली लग्न झाले, १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. मूल चार महिन्यांचे व्हायच्या आत नवरा गेला. पंचविशीत पोहोचण्याच्या सुमारास, वैद्यकीचे शिक्षण घेत असताना, तो मुलगाही गेला. तरीही या बाईंनी कोटणीसांच्या घराशी नाते शेवटपर्यंत जपले, भारतात पुनःपुन्हा आल्या आणि २०१२ साली वारल्या. आम्ही त्यांना ‘डॉक्टर कोटणीसांच्या पत्नी’ म्हणून ओळखले. त्यात खोटे काही नाही. पण खात्याची दुसरी बाजू आम्ही कधी उघडून पाहिली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जगभरच्या परिचारिकांची मोजदाद केली. संख्या सुमारे २ कोटी ७९ लाख, कमतरता ५९ लाखांची, आणि दहांतल्या नऊ स्त्रिया. ही तूट कशी भरून काढायची यावर मोठमोठ्या सभांतून बोलले जाते. आमच्या गल्लीत बसून मला ती कशी भरली जाते ते दिसते. वॉर्डात परिचारिका कमी पडली की विद्यार्थिनी लावायची. महाविद्यालयात शिक्षक कमी पडला की आहे त्या मॅडमकडे अठरा जण द्यायचे. घरात माणूस कमी पडला की सून आहेच. प्रत्येक ठिकाणची रिकामी जागा बाईच्या हाताने भरायची आणि वर तिला ‘सेवा’ म्हणायचे. सेवा हा शब्द मोठा आहे, म्हणूनच त्याच्याआड पुष्कळ थकबाकी लपवता येते.

याला माझे उत्तर हिशेबनिसाचे आहे, क्रांतिकारकाचे नाही. प्रथम लिहा. वह्या तपासणे, विद्यार्थिनीच्या वडिलांपुढे सव्वा तास बसणे, रडणाऱ्या मुलीचा फोन घेणे हे शिकवण्याचेच काम आहे. ते शिक्षिकेच्या वेळापत्रकात धरा. दहास एक हे प्रमाण तपासणीच्या दिवशी कागदावर असून भागत नाही, ते सोमवारी सकाळी सातला खाटेपाशी असले पाहिजे. विद्यार्थी वॉर्डात काम करतील आणि केलेच पाहिजे, पण रजेवर गेलेल्या परिचारिकेची बदली म्हणून त्यांना मोजू नका. आणि घरी? ‘मी तिला मदत करतो’ असे आम्ही पुरुष अभिमानाने सांगतो. मदत दुसऱ्याच्या कामात करायची असते. घर दोघांचे असेल तर शब्द मदत नाही, वाटणी आहे. भावाभावांत शेताच्या बांधावरून कोर्टात जाणारे आम्ही, या एका वाटणीत कसे कोण जाणे फार उदार होतो आणि सगळेच दुसऱ्याच्या नावावर करून टाकतो.

आता तिच्या प्रश्नाकडे. पैशाचा हिशेब मी प्रामाणिकपणे केला. नोकरी सोडली तर घर ओढाताणीने चालले असते. अशक्य नव्हते. तसे मी तिला सांगितले आणि दोन्ही कागद तिच्या हातात दिले. एक रुपयांचा, एक तासांचा. सल्ला दिला नाही. एवढेच म्हणालो, “नोकरी सोडलीस तर पंचेचाळीस तास वाचतील असं समजू नकोस. कोऱ्या रकान्यात ते जाणार नाहीत. दुसऱ्या रकान्यात जातील.”

ती काही बोलली नाही. कागद घेऊन गेली. नंतर कळले की तासांचा कागद तिने फ्रिजच्या दारावर चिकटवला. कुणाशी भांडण केले नाही, कुणाला वाचून दाखवला नाही. नवऱ्याने दोन दिवस तो येता-जाता वाचला. तो हिशेब ठेवणारा माणूस. बेरीज बरोबर आहे का ते त्याने पेन्सिलने पुन्हा करून पाहिले म्हणे, आणि बरोबर निघाली.

मार्चअखेर तिने राजीनामा दिला नाही. पुढच्या वर्षी देणार नाही असेही ती म्हणत नाही. सगळे सुरळीत झाले असे लिहून वाचकांची फसवणूक मी करणार नाही. अठरा विद्यार्थी अजून अधूनमधून वाट्याला येतात आणि वह्या अजून घरी येतात. पण समोरच्या घरात पाणी भरताना जो खोकल्याचा आवाज येतो तो आता पुरुषाचा असतो. आणि दहावीची परीक्षा संपल्यावर तिने मुलाला आजीचे इन्सुलिन द्यायला शिकवले. मी खिडकीतून ऐकत होतो. “हात धुतलेस? साठ सेकंद झाले नाहीत. औषध बघ, मात्रा बघ, मोठ्यानं वाच. काल कुठं टोचलं होतं? मग आज दुसरीकडे. आधी आजीला विचार, देऊ का म्हणून.”

पोराने विचारले. आजी म्हणाली, “दे बाबा, पण दुखवू नकोस.”

त्याने इंजेक्शन दिले आणि उठून जाऊ लागला. आईने त्याला परत बोलावले. भिंतीवरच्या कॅलेंडरला दोरीने पेन्सिल बांधलेली होती. ती त्याच्या हातात देऊन म्हणाली, “वेळ लिही. सही कर. लिहिलं नाहीस, तर केलं नाहीस.”